पहिल्या प्रोग्रामिंग मीटअपला जाताय? मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी ए टू झेड

परभणी, लातूर, बीड, हिंगोली असं कुठंतरी बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर नाहीतर इंजिनिअरिंग करताय, यूट्यूबवर बघून पायथन बऱ्यापैकी जमायला लागलंय, आणि इन्स्टावर कुणीतरी टाकलेलं पोस्टर दिसलंय, "संडे मीटअप, फ्री एंट्री". आता मनात चाललंय की जावं का नको, तिथं सगळे कंपनीतले असतील, इंग्लिशमध्ये बोलत असतील, आपल्याला काय कळणार. तुमच्यासाठीच लिहितोय. शोधण्यापासून ते घरी परत आल्यावर काय करायचं इथपर्यंत सगळं सांगतो, जरा लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मीटअपला ज्ञान मिळवायला जाऊ नका. ज्ञान यूट्यूबवर ढिगानं पडलंय, ते पण फुकट आणि डबल स्पीडनं. मीटअपला जायचं ते एक अडलेला प्रश्न घेऊन, आणि यायचं ते एक-दोन ओळखी घेऊन. एवढं झालं तर बसचं भाडं वसूल.

हे असतं तरी काय

कॉलेजच्या सेमिनारसारखं काहीच नसतं. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, प्रमुख पाहुण्यांचा पंधरा मिनिटं परिचय नाही, आभारप्रदर्शन नाही. कुणाच्या तरी ऑफिसातली कॉन्फरन्स रूम, कोवर्किंगची जागा नाहीतर एखाद्या कॉलेजची लॅब, वीस-पंचवीस लोकं, कधी दहाच, दोन-तीन टॉक, मध्ये चहा, नंतर गप्पा. बोलणारा माणूस पण बहुतेक वेळा आपल्यासारखाच कुणीतरी असतो ज्यानं गेल्या दोन महिन्यांत काहीतरी बनवलंय आणि ते दाखवायचंय.

सर्टिफिकेट सहसा मिळत नाही. हे लिहायला लागतंय कारण आपल्याकडं पहिला प्रश्न तोच असतो. सर्टिफिकेटच पाहिजे असेल तर खरंच जाऊ नका, वेळ वाया जाईल तुमचा पण आणि त्यांचा पण. आणि हॅकेथॉन म्हणजे मीटअप नाही, प्लेसमेंट ड्राइव्ह म्हणजे तर नाहीच नाही.

शोधायचं कुठं

पहिली युक्ती: नाव दोन्ही टाकून शोधा. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण कितीतरी ग्रुप आणि इव्हेंटची पानं जुन्याच नावानं आहेत, काही नवीन नावानं, त्यामुळं एकाच नावानं शोधलं की वाटतं आपल्याकडं काहीच होत नाही. मीटअप डॉट कॉम आणि लुमा या दोन ठिकाणी दोन्ही नावांनी बघा.

दुसरं, गूगल डेव्हलपर ग्रुप म्हणजे जीडीजी, त्यांच्या कम्युनिटीच्या साइटवर शहरांचे आणि कॉलेजांचे वेगवेगळे चॅप्टर दिसतात. कॉलेजवाल्याला आधी डेव्हलपर स्टुडंट क्लब म्हणायचे, २०२४ पासून त्याचं जीडीजी ऑन कॅम्पस झालं, त्यामुळं सीनियर जुन्या नावानं बोलत असेल तर गोंधळू नका. शेजारच्या कॉलेजचा कार्यक्रम असला तरी बाहेरच्यांना बऱ्याच वेळा येऊ देतात, एक मेसेज टाकून विचारायचं. तिसरं, फॉस युनायटेड, ही ओपन सोर्सवाली मंडळी, म्हणजे कोड सगळ्यांना बघायला-वापरायला उघडा ठेवणारी, यांचे शहरवार मीटअप असतात आणि कॉलेजात क्लब असतात, सगळं वेबसाइटवर उघडं असतं.

चौथं म्हणजे कॉलेजची नोटीस आणि इन्स्टा पेजेस. संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, एमजीएमचं जेएनईसी, नांदेडचं एसजीजीएस, अशा ठिकाणच्या स्टुडंट क्लबची पेजेस फॉलो करून ठेवा, तुमचं कॉलेज दुसरं असलं तरी. स्टार्टअपकडं ओढा असेल तर संभाजीनगरचं मॅजिक म्हणून इनक्युबेशन सेंटर आहे, त्यांच्याकडचे कार्यक्रम शुद्ध कोडिंगचे नसतात पण तिथं भेटणारी माणसं कामाची असतात.

आणि हे सगळं करून महिनाभर काहीच सापडलं नाही तर? होतं तसं. मग पुण्याकडं बघायचं, नाहीतर शेवटचा भाग वाचा, तिथं स्वतःच भरवायचं कसं ते सांगितलंय.

पोस्टर वाचायला शिका

विषय काय, बोलणारं कोण, किती वेळ, या तीन गोष्टी लिहिलेल्या पाहिजेत. "बिगिनर फ्रेंडली" असेल तर डोळे झाकून जा. "हँड्स-ऑन" असेल तर लॅपटॉप पाहिजेच, नसेल तर आधी विचारा की शेजारच्यासोबत बसलं तर चालेल का, बहुतेक चालतं. "लाइटनिंग टॉक" म्हणजे पाच मिनिटांचं बोलणं, एकामागून एक पाच-सहा जण येतात, नवीन माणसासाठी हा सगळ्यात भारी प्रकार, एक कंटाळवाणा निघाला तरी पाच मिनिटांत सुटका. "अनकॉन्फरन्स" म्हणजे विषय तिथंच जमून ठरवतात.

आता सावधगिरीचं. मीटअप नाव लावून कोर्स विकायचा धंदा पण चालतो. "एआयमध्ये करिअर, फ्री मीटअप" म्हणून बोलवायचं, पाऊण तास पगाराचे आकडे दाखवायचे आणि शेवटी "आज ॲडमिशन घेतलं तर निम्मी फी". ओळखायचं कसं? बोलणाऱ्याचं नाव नसतं किंवा असलं तरी त्याचं एक ओळ कोड कुठं सापडत नाही, विषयाच्या जागी पॅकेजचा आकडा असतो, फॉर्ममध्ये पालकांचा मोबाईल नंबर मागतात. पालकांचा नंबर मागितला की समजायचं. शंभर-दोनशे रुपये जेवणाचे घेणं वेगळं, ते चालतं, मोठ्या कॉन्फरन्सला तिकीट असतंच.

नाव नोंदवताना

फॉर्म भरला म्हणजे जायचं. आपल्याकडं लग्नाला "येतो येतो" म्हणायची सवय आहे, ती इथं काढू नका. आयोजक त्या यादीवरून खुर्च्या, वडापाव, चहा सांगतो, पैसे कधी कधी स्वतःच्या खिशातून घालतो, आणि पन्नास जणांनी नाव देऊन अठरा आले की पुढच्या वेळी त्याची इच्छाच मरते. जमणार नसेल तर आदल्या दिवशी नाव काढा, वेटलिस्टमधलं दुसरं कुणीतरी येईल.

फॉर्ममध्ये "तुम्हाला काय अपेक्षा आहे" असं विचारलेलं असतं तिथं डॅश टाकू नका. एक ओळ लिहा, "फ्लास्कमध्ये छोटा प्रोजेक्ट केलाय, तो सर्व्हरवर टाकायला अडचण येतेय" (फ्लास्क म्हणजे पायथनमध्ये वेब ॲप बनवायचं साधन). जागा कमी असतील तर असं लिहिणाऱ्याला आधी घेतात, आणि कधी कधी आयोजक तुम्हाला ओळखून म्हणतो, "ते फ्लास्कवाले तुम्हीच का?" झाली ओळख.

कंपनीच्या ऑफिसात असेल तर कॉलेजचं आयकार्ड आणि आधार ठेवा. गेटवर सिक्युरिटीवाले रजिस्टरमध्ये लॅपटॉपचा सिरीयल नंबर लिहून घेतात, तो खालच्या स्टिकरवर असतो, आधीच फोटो काढून ठेवा म्हणजे गेटवर लॅपटॉप उलटा करून बारीक अक्षरं वाचत बसायला लागत नाही.

घरी सांगणं आणि प्रवास

हा भाग बाकीच्या गाईडमध्ये नसतो पण आपल्याकडं हाच सगळ्यात अवघड. संवाद साधारण असा होतो:

"रविवारचं कुठं चाललास रे?"

"संभाजीनगरला. प्रोग्रामिंगचं मीटअप आहे."

"परीक्षा आहे का कसली?"

"नाही."

"मग नोकरीचं?"

"नाही ओ पप्पा, तिथं कंपनीतली लोकं येतात, शिकवतात..."

"पैसे किती घ्यायलेत?"

"फुकट आहे."

"फुकट कोण शिकवतंय रे आजकाल?"

या शेवटच्या प्रश्नाला तोंडी उत्तर देऊन उपयोग नाही. मोबाईलवर इव्हेंटचं पान उघडून दाखवा, आधीच्या मीटअपचे फोटो दाखवा, आयोजकाचा नंबर लिहून द्या, आणि परत कोणत्या गाडीनं येणार ते सांगा. घरच्यांना विषय कळायची गरज नसते, गाडी कळली की पुरतं.

जालन्याहून संभाजीनगर साठेक किलोमीटर, एसटीनं आरामात जाऊन-येऊन होतं. नांदेड-परभणीवाल्यांना रेल्वे बरी, मराठवाडा एक्सप्रेस, तपोवन, देवगिरी या गाड्या याच मार्गावरच्या, पण वेळ प्रत्येक वेळी रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर बघूनच निघा, रविवारी ब्लॉक घेतला की सगळं गणित बदलतं. परतीची गाडी आधी ठरवा आणि मगच जायची. मीटअप संपायची वेळ पाच लिहिली असेल तर साडेपाच धरा, आणि चांगल्या गप्पा त्या साडेपाचच्या नंतरच रंगतात हा वेगळा त्रास. लातूर-धाराशिववाल्यांना संभाजीनगर काय आणि पुणे काय, दोन्हीकडं अख्खा दिवस जातो, त्यामुळं पुण्याला जाणार असाल तर मोठा दिवसभराचा कार्यक्रम बघून जा, दोन तासांच्या मीटअपसाठी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जाण्यात अर्थ नाही.

मुलींसाठी दोन शब्द. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळं खर्चाचा मुद्दा अर्धा तिथंच संपतो. पहिल्या वेळी मैत्रिणीला सोबत घ्या. आयोजकाला सरळ मेसेज करून विचारा की आधीच्या मीटअपला मुली किती होत्या, जागा कुठं आहे, संपतं किती वाजता, यात लाजायचं काही नाही, चांगला आयोजक नीट उत्तर देतो आणि नीट उत्तर आलं नाही तर तेच तुमचं उत्तर. इव्हेंटच्या पानावर "कोड ऑफ कंडक्ट" आहे का बघा, म्हणजे कुणी त्रास दिला तर कुणाकडं जायचं ते लिहिलेलं असतं. जँगो गर्ल्स, पायलेडीज अशा खास मुलींसाठीच्या कम्युनिटी पण आहेत, जँगो गर्ल्स २०१४ ला बर्लिनमध्ये दोघींनी सुरू केलं आणि आता जगभर त्यांची फुकट वर्कशॉप होतात, त्यांचं सगळं ट्युटोरियल ऑनलाइन उघडं आहे, वर्कशॉप जवळ नसलं तरी ते करून टाका.

जायच्या आधीचा आठवडा: प्रश्न तयार करा

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला.

मीटअपला जाणारी बहुतेक पोरं एकच प्रश्न विचारतात, "सर, पायथन शिकू का जावा?" किंवा "एआयमुळं नोकऱ्या जातील का?" समोरचा माणूस हसून गुळमुळीत उत्तर देतो आणि चहाकडं वळतो, कारण हा प्रश्न त्यानं शंभरदा ऐकलाय आणि त्याला तुमच्याबद्दल काहीच कळलेलं नसतं. त्याऐवजी स्वतः केलेल्या कामातला अडलेला प्रश्न न्या.

उदाहरण घेऊ. तुम्ही फ्लास्कमध्ये मेसच्या हिशोबाचं ॲप बनवलंय. स्वतःच्या लॅपटॉपवर लॉगिन व्यवस्थित चालतं. सर्व्हरवर टाकलं की लॉगिन होतं, पान उघडतं, पुढच्या क्लिकला परत लॉगिनचं पान, कधी चालतं कधी नाही. आता हाच प्रश्न दोन प्रकारे विचारता येतो.

पहिला प्रकार: "सर, माझं लॉगिन चालत नाही, काय करू?"

दुसरा प्रकार: "फ्लास्कचं नेहमीचं सेशन वापरलंय. लोकलवर बरोबर चालतं, सर्व्हरवर गनिकॉर्ननं दोन वर्कर चालवले की लॉगिन मधूनमधून उडतं. एकच वर्कर ठेवला तर उडत नाही. सीक्रेट की मी कोडमध्येच रँडम तयार करतोय, त्याचा संबंध असेल का?"

दुसरा ऐकून समोरच्याचे डोळे चमकतात. कारण उत्तर तुम्ही जवळपास शोधलेलंच आहे. गनिकॉर्न म्हणजे सर्व्हरवर ॲप चालवणारा प्रोग्राम, आणि वर्कर म्हणजे त्याच ॲपच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रती. फ्लास्क सेशनची माहिती, म्हणजे कोण लॉगिन आहे ते, ब्राउझरमधल्या कुकीत ठेवतं आणि त्यावर सीक्रेट कीनं सही करतं. ॲप सुरू होताना की रँडम तयार केली तर प्रत्येक वर्करची की वेगळी, मग पहिल्या वर्करनं सही केलेली कुकी दुसऱ्या वर्करकडं गेली की तो म्हणतो ही सही ओळखीची नाही, चला बाहेर. की एकदाच तयार करून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडच्या बाहेर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये, ठेवली की विषय मिटला. हे सांगायला माणसाला दोन मिनिटं लागतात, पण त्या दोन मिनिटांत त्याला कळतं की या पोरानं एक वर्कर ठेवून बघितलाय, म्हणजे याला डीबग करता येतं. अशा माणसाचं नाव लक्षात राहतं.

तर आठवडाभरात एवढं करा: एक छोटा प्रोजेक्ट, कितीही फालतू असो, गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) टाका, रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये, चार ओळी लिहा, आणि त्यातला एक अडलेला प्रश्न वरच्या पद्धतीनं वहीत लिहून काढा. काय करायचं होतं, काय होतंय, काय काय करून बघितलं. लिहिता लिहिता बऱ्याच वेळा उत्तर स्वतःलाच सापडतं, मग दुसरा प्रश्न शोधा, हे चांगलंच आहे. टॉकच्या विषयावर अर्धा तास वाचून जा, सगळं कळायची गरज नाही, शब्द कानावरून गेलेले असले की बास.

बॅगेत काय

लॅपटॉप फुल चार्ज, चार्जर, आणि एक एक्स्टेंशन बोर्ड. बोर्ड नेणाऱ्याच्या भोवती आपोआप चार माणसं जमतात, नेटवर्किंगची याच्यापेक्षा सोपी ट्रिक मला माहीत नाही. हँड्स-ऑन असेल तर लागणारं सगळं घरूनच इन्स्टॉल करून जा. तिथं एका वायफायवर तीस जण अँड्रॉइड स्टुडिओ उतरवायला लागले की कुणाचंच उतरत नाही, आणि त्यात लाइट गेली तर राउटर पण बंद. पायथनच्या लायब्ररी घरी डाउनलोड करून फोल्डरमध्ये ठेवता येतात, पेनड्राइव्हवर घेऊन गेलात तर शेजाऱ्याचं पण भलं. वही-पेन, पाण्याची बाटली. कपडे साधे, टाय-बियचं काही काम नाही.

तिथं पोचल्यावर

पंधरा मिनिटं आधी पोचा. आधी पोचलं की खोलीत चारच माणसं असतात आणि चार माणसांशी बोलणं सोपं असतं, उशिरा पोचलं की घोळके झालेले असतात. आयोजक खुर्च्या लावत असतो, प्रोजेक्टरची वायर शोधत असतो, त्याला हात लावा. "काही मदत करू का?" याच्यापेक्षा चांगली ओळख नाही.

ओळखीचा राउंड असेल तर तीन वाक्यं तयार ठेवा. "मी सेलूचा, परभणीला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फ्लास्कमध्ये मेसच्या हिशोबाचं ॲप बनवतोय. ते सर्व्हरवर टाकणं शिकायचंय." बसा खाली. "मी फक्त बीसीए", "मला जास्त काही येत नाही", "मी छोट्या गावचा आहे" यातलं एक पण वाक्य नको. कुणी मार्क विचारत नाही, बॅकलॉग विचारत नाही, कॉलेज सरकारी का खासगी याच्याशी कुणाला घेणंदेणं नसतं.

भाषेचं टेन्शन खूप जण घेतात. टॉक इंग्लिश नाहीतर हिंदीत असतो, मध्ये मराठी येतंच. प्रश्न मराठीत विचारा, बिनधास्त. फंक्शन, सर्व्हर, एरर हे शब्द तसेही सगळ्या भाषांत तेच आहेत. समोरच्याला मराठी येत नसेल तर शेजारचा कुणीतरी हिंदीत सांगतो. आणि "सर" का "दादा" का नुसतं नाव, याच्यावर पण डोकं खपवू नका, आयटीत नावानं हाक मारतात पण आपल्या तोंडून "सर" निघालं तरी कुणी हाकलून देत नाही.

लोकं गोल करून उभी असतील तर घुसायचं कसं? कम्युनिटीवाल्यांमध्ये "पॅकमॅन नियम" म्हणून एक पद्धत आहे, गोल करताना एका माणसाची जागा मोकळी ठेवायची, त्या व्हिडिओ गेममधल्या पॅकमॅनच्या उघड्या तोंडासारखी, म्हणजे नवीन माणूस येऊ शकतो. अशी फट दिसली की जाऊन उभे राहा, लगेच बोलायची गरज नाही, ऐकत राहा. आणि तुम्ही स्वतः घोळक्यात असाल तेव्हा फट तुम्ही ठेवा, दाराशी मोबाईल बघत उभं असलेलं दुसरं कुणीतरी असतंच.

टॉक चालू असताना प्रत्येक स्लाइडचा फोटो काढत बसू नका, स्लाइड नंतर ग्रुपवर टाकतात. कळलं नाही तो शब्द वहीत लिहा. प्रश्नोत्तरात एकच प्रश्न, तो पण प्रश्नच, स्वतःचं भाषण नको. सगळ्यांसमोर विचारायला घाम फुटत असेल तर चहाच्या वेळी जाऊन विचारा, खरी मजा तशीही चहाच्या वेळीच असते.

बुजऱ्या लोकांसाठी एक माहितीची गोष्ट. १९७५ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लब नावाचा मीटअप सुरू झाला, ॲपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक स्टीव्ह वॉझ्निॲक तिथं जायचा. अत्यंत लाजाळू माणूस, सगळ्यांसमोर बोलायचं धाडस नाही. तो काय करायचा, स्वतः बनवलेला कॉम्प्युटरचा सर्किट बोर्ड आणायचा आणि टेबलावर मांडायचा, ज्याला बघायचंय तो येऊन बघायचा आणि विचारायचा. तोच बोर्ड पुढं ॲपल वन, म्हणजे ॲपलचा पहिला कॉम्प्युटर झाला. तुम्ही पण लॅपटॉपवर तुमचं ॲप उघडून ठेवा, बोलायला सुरुवात समोरचाच करतो.

नोकरी मागू नका

चहाच्या वेळी रेझ्युमेची प्रिंट काढून हातात देऊ नका. समोरच्याला काय करावं ते कळत नाही, एका हातात कप असतो, दुसऱ्यात बिस्कीट. त्याऐवजी विचारा: तुमच्या टीममध्ये फ्रेशर घेतला तर पहिल्या महिन्यात त्याला काय काम देता? याचं उत्तर सोन्यासारखं असतं कारण ते कुठल्याच सिलॅबसमध्ये नसतं. बहुतेक जण सांगतात की दुसऱ्याचा कोड वाचायचा, बारीक बग काढायचे, टेस्ट लिहायच्या, गिटमधले कॉन्फ्लिक्ट सोडवायचे. मग घरी जाऊन तेच शिका. इंटर्नशिपचं विचारायचंच असेल तर दोन-तीनदा भेट झाल्यावर, आणि काहीतरी केलेलं दाखवून.

संपर्क घेताना लिंक्डइन किंवा गिटहब मागा. मोबाईल नंबर समोरच्यानं स्वतःहून दिला तर ठीक. मुलींकडं तर नंबर मागूच नका पोरांनो, त्या कोडिंगसाठी आलेल्या असतात.

परत आल्यावर

त्याच रात्री, नाहीतर फार तर दुसऱ्या दिवशी. ज्याच्याशी खरंच बोलणं झालं त्याला एक मेसेज, सगळ्यांना एकच कॉपी-पेस्ट नको. असा काहीतरी:

"नमस्कार, काल मीटअपला भेटलो होतो, फ्लास्कच्या सेशनचं विचारलं होतं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सीक्रेट की एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकली, आता दोन वर्करवर पण लॉगिन राहतंय. रिपोची लिंक देतोय. धन्यवाद."

बघा, यात काहीच मागितलेलं नाही. सल्ला दिला, पोरानं तो करून बघितला, परत येऊन सांगितलं, असं फार कमी होतं आणि म्हणून लक्षात राहतं. टॉकमध्ये दाखवलेला डेमो स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून बघा. रीडमीमध्ये एखादी पायरी चुकीची सापडली तर दुरुस्त करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे "माझा बदल घ्या" अशी गिटहबवरची विनंती, टाका, ओपन सोर्समधलं पहिलं पाऊल असंच पडतं.

आणि पुढच्या मीटअपला परत जा. पहिल्या वेळी तुम्ही पाहुणे असता, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लोकं नावानं ओळखतात. एकदाच जाऊन "काही फायदा नाही झाला" म्हणणारे भरपूर भेटतील, त्यांचं ऐकू नका.

दोन-तीनदा झालं की पाच मिनिटांचा लाइटनिंग टॉक मागून घ्या. विषय नाही म्हणता? आपल्या मातीतच पडलेत. डेटा डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयमधून, म्हणजे आपल्या प्रोग्रामला थेट मागता येतील असे, मिळतात, रजिस्टर केलं की फुकट की मिळते. लातूरच्या सोयाबीनचा भाव रोज उचलून आलेख काढणारी पन्नास ओळींची स्क्रिप्ट लिहा आणि दाखवा. नाहीतर हे: पायथनमध्ये "मराठी" या शब्दाची लांबी लेन फंक्शननं विचारा, उत्तर ५ येतं. डोळ्याला दिसतात तीन अक्षरं. कारण काना आणि वेलांटी युनिकोडमध्ये (जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारी पद्धत) वेगळे कोड पॉइंट, म्हणजे वेगळे नंबर आहेत, म, र, काना, ठ, वेलांटी. आणि हे नंबर साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत बाइट मोजले तर १५, कारण देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट तीन बाइट घेतो. मग फॉर्ममध्ये "नाव जास्तीत जास्त २० कॅरेक्टर" अशी अट घातली की मराठी नावांचं काय होतं ते दाखवा. झाला की टॉक, आणि हा मुंबई-पुण्याच्या भल्याभल्यांना नवीन वाटतो.

आपल्या गावात काहीच होत नसेल तर

मग भरवा. आठ माणसं म्हणजे मीटअप. कॉलेजच्या लॅबसाठी एचओडींना साधा अर्ज, तारीख, वेळ, किती जण, जबाबदार कोण, खाली तीन पोरांच्या सह्या. बॅनर नको, प्रमुख पाहुणे नको, कारण पाहुणे आले की हार येतो आणि हार आला की भाषण येतं. एक वीस मिनिटांचा टॉक तुमच्यातल्याच कुणाचा, मग एक तास सगळ्यांनी मिळून कुणाचा तरी अडलेला कोड बघायचा, शेवटी चहा. दर माणशी वीस रुपये काढले की टपरीवाला थर्मास भरून देतो.

दिवस कायमचा ठरवून टाका, उदाहरणार्थ महिन्याचा दुसरा रविवार, दर वेळी "कधी जमेल सगळ्यांना" असं व्हॉट्सॲपवर विचारत बसलात की ते कधीच जमत नाही. विद्यापीठाच्या परीक्षेचा महिना सरळ सोडून द्या. कामावर लागलेला एखादा सीनियर दिवाळीला गावी आला की त्याला धरा, त्याला पण गावात आठ दिवस करमत नसतं, खुशीनं येतो. दुसऱ्या कॉलेजच्या पोरांना येऊ द्या, इथं कॉलेजचा इगो आणला की दोन महिन्यांत ग्रुप मेला म्हणून समजा. काय झालं ते चार ओळीत लिहून फोटोसकट ग्रुपवर टाका, पुढच्या वेळी घरच्यांना दाखवायला तेच उपयोगी पडतं.

आणि लॅबची किल्ली शनिवारी दुपारीच शिपाईमामांकडून घेऊन ठेवा, रविवारी ते शेतावर असतात आणि तिथं रेंज नसते.